भार ओढणे आणि आवरणे
मेन राज्यातील या अरण्यप्रदेशात भूमी गोठून कठीण झाली, की एटीव्ही या रानवाटांवरच्या छोट्या मोटारगाडीमागे जळाऊ लाकडाचे ओंडके ओढून आणण्याचा हंगाम सुरू होतो. आणि त्यासाठी लागणारी घसरगाडी जुन्या लोखंडी नळ्या वाकवून, तळाशी प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पट्ट्या ठोकून, जो तो आपल्या मगदुराप्रमाणे घरीच सिद्ध करतो. ओंडका नुसता फरपटत नेला, तर त्याचे अग्र जमिनीत रुतते, सालीत माती भरून पुढे करवतीची धार जाते आणि यंत्राची शक्ती नाहक खर्ची पडते. म्हणून ते अग्र उचलून धरण्याची तजवीज हेच या कारागिरीचे मर्म होय.

याच राज्यातील वॉटरव्हिलच्या ॲल्विन लोम्बार्डने १९०१ साली ओंडके ओढणाऱ्या आपल्या वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्या काळी घोड्यांच्या घसरगाड्यांसाठी वाटेवर पाणी शिंपडून बर्फ जमवीत आणि उतारावर मात्र गवत पसरून वेग आवरीत. उतारावर भार अंगावर येण्याची ती धास्ती आजही कायम आहे. दोराने बांधलेली गाडी उतारावर मागून चालकावरच येऊ शकते, यास्तव मी माझ्या गाडीला ताठ दांडाच जोडला. सामर्थ्याची कीर्ती ओढण्यात असली, तरी भार आवरण्याचा बंदोबस्त जो आधी करतो, त्यालाच मी आता कुशल म्हणतो.