दात्यांमधली फट

एक-दशांश मापाच्या रेडिओ-नियंत्रित टूरिंग कारमध्ये मोटरचे पिनियन आणि मोठा स्पर गिअर यांच्यात केसाएवढी फट लागते. पिनियन घट्ट रेटले तर मोटर तापते, दूर राहिले तर स्परचे प्लॅस्टिकचे दाते खाल्ले जातात. जुनी युक्ती अशी : मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून पिनियन दाबायचे, स्क्रू आवळायचे, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढायची. (कागदाचा इतका नेमका उपयोग आम्हां भाषा शिकवणाऱ्यांना क्वचितच साधतो.) तरीही अखेरचा निवाडा कानाचाच. सैल जोड खडखडतो, घट्ट जोड बारीक किंचाळतो. साठीनंतर माझ्या कानांतून वरचे सूर गेले. खडखड कळते, किंचाळी नाही. आता नातू ऐकतो, मी आवळतो. ‘अजून किंचाळतेय, आजोबा,’ तो म्हणतो, आणि मी मोटरचा स्क्रू पुन्हा सैल करतो.