वाफसा कुणासाठी थांबत नाही

ज्यांची जमीन एकरात नव्हे तर गुंठ्यात मोजावी लागते, त्यांना औताची अडचण वेगळी सांगायला नको. कराडच्या बाजूला आमची अठ्ठावीस गुंठे जमीन आहे. मूळची ती महार वतनाची. या वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि ठरलेली रक्कम भरून जमीन आजोबांच्या नावावर लागली. वेठ गेली, पण बैलजोडी पोसता येईल एवढा चारा त्या तुकड्यात कधी निघाला नाही. त्यामुळे नांगरटीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहणे काही सुटले नाही.

पाऊस उघडल्यावर जमीन चिखलही नाही आणि दगडही नाही, अशी दोन-चार दिवसच असते. तोच वाफसा. त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या पट्ट्यांत जातो. “तेवढ्याशा वावरात ट्रॅक्टर वळवायचा कुठं?” हे आम्ही किती वेळा ऐकले असेल! नंबर लागेपर्यंत वाफसा उडून जाई, आणि मग कुदळ घेऊन ढेकळे फोडणे आईच्या नशिबी येई.

खरे तर आपले हे दोन्ही जिल्हे शेतीच्या यंत्रांचे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली औंध संस्थानच्या माळावर उभा राहिला आणि तिथला लोखंडी नांगर गावोगाव गेला. सातारा रोडच्या कूपर कारखान्याची इंजिने विहिरींवर धडधडू लागली. पण नांगराला बैल हवेत आणि इंजिनाला विहीर हवी. आमच्यासारख्यांच्या मापाचे यंत्र म्हणजे पॉवर टिलर. जपानमधल्या लहान खाचरांत रुळलेले हे यंत्र आपल्याकडे मित्सुबिशीच्या सहकार्याने बंगळूरच्या व्ही.एस.टी. कारखान्यात तयार होऊ लागले. त्या कारखान्याची स्थापना १९६७ सालची.

नवा टिलर घेण्याची आमची ऐपत नव्हती. २०२२ च्या उन्हाळ्यात कळले, की तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराने छोटा ट्रॅक्टर घेतला आहे आणि त्यांचा जुना टिलर शेडमागे पडून आहे. आम्ही दोघे आणि आमची थोरली लेक पाहायला गेलो. लेक आय.टी.आय.ला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करीत होती. हँडल मारून पाहिले तर इंजिन जाम. मात्र गिअरबॉक्स फुटलेला नव्हता, आणि तेलात पाणीही नव्हते. अठरा हजारांना सौदा ठरला. टेम्पोतून ते धूड अंगणात उतरले तेव्हा आई म्हणाली, “भंगारवाल्याला विसरून आलाय का?”

पुढचे सात आठवडे रविवार आणि संध्याकाळ त्यातच गेले. पिस्टनवर डिझेल ओतून इंजिन चार दिवस मुरू दिले, तेव्हा कुठे ते हलले. हेड उतरवले, लेकीने व्हॉल्व्ह घासून बसवले. लायनर चांगला निघाला. रिंगा, गॅस्केट आणि तिन्ही पट्टे सांगलीहून आणले. नोझल दुकानात तपासून घेतले. टाकीतला गंज धुऊन काढला, एअर क्लीनरमध्ये नवे तेल भरले आणि रोटाव्हेटरची झिजलेली पाती बदलली. सामान आणि मजुरी मिळून बारा हजार गेले. वस्तीतले एक निवृत्त मिस्त्री काका शेजारी बसून सांगत. नट मात्र त्यांनी लेकीलाच खोलायला लावले.

जूनमध्ये वाफसा आला आणि त्याच सकाळी आम्ही वावरात उतरलो. दुपारपर्यंत अठ्ठावीस गुंठे तयार झाले. आई बांधावर बसून होती. कुदळ तिने सवयीने आणली होती, तिला हात लावायची वेळ आली नाही. आता तोच टिलर ट्रॉली लावली की शेणखत वाहतो, आणि पट्टा जोडला की कडबा कुट्टी चालवतो.

कुणी बंधू-भगिनी जुना टिलर घेणार असतील त्यांनी इंजिनापेक्षा गिअरबॉक्स आधी पाहावा, कारण खरा खर्च तिथे असतो. तेलाची कांडी पांढुरकी दिसली तर आत पाणी गेले आहे असे समजावे. पात्यांवरचे पत्र्याचे झाकण असल्याशिवाय यंत्र चालवू नये, आणि मागे घेताना पाती बंदच ठेवावीत. आणखी एक गोष्ट. उतारावर यंत्र पुढे ओढ घेत असेल तर वळणाचा क्लच उलटा वागतो. डावा दाबला तर यंत्र उजवीकडे जाते. हे सपाट रानात शिकून मगच उतारावर जावे.

वस्तीत आणखी पाच-सहा घरांची दहा-दहा, पंधरा-पंधरा गुंठे जमीन आहे. डिझेल त्यांचे, घसाऱ्यापोटी थोडे पैसे आमच्याकडे, असे ठरले आहे. यादी लेक करते. नंबर लावताना ती वावर केवढे आहे हे विचारीत नाही, माती मुठीत दाबून पाहते. जिथे वाफसा आधी, तिथे टिलर आधी.