दोन बादल्या

माणसाला कोणत्या वयात कोणता नाद लागेल हे सांगता येत नाही. माझ्याबरोबरीचे काही प्राध्यापक चाळिशी ओलांडल्यावर ज्ञानेश्वरीकडे वळले, काही होमिओपॅथीकडे. मी मोटार धुवायला लागलो. आणि तीही मर्सिडीज! मराठीच्या प्राध्यापकाच्या दारात मर्सिडीज म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये काय काय तर्क लढविले गेले असतील, ते वाचकांनीच ताडावे. म्हणून आधीच खुलासा करतो. गाडी १९९६ सालची आहे. ही कंपनी १९९४ साली आपल्या देशात आली आणि पुढच्याच वर्षापासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात तिच्या गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. त्यांतलीच ही एक. सानपाड्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी ती मला नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी किमतीत दिली. दर पाच वर्षांनी ती आर. टी. ओ.त पुन्हा पास करून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो तो वेगळाच. थोडक्यात, हत्ती स्वस्तात मिळाला, पण खाणे हत्तीचेच राहिले.

तिचा रंग उजळावा म्हणून मी ती एका मोठ्या दुकानात नेली. तिथल्या तरुणाने जो आकडा सांगितला, तो माझ्या पंधरा दिवसांच्या पगाराइतका होता. मी नम्रपणे परतलो, पुस्तके वाचली आणि एका रविवारी नेरूळच्या आमच्या इमारतीखाली बादली घेऊन उतरलो.

मागोमाग अण्णाही उतरले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय सत्त्याहत्तर. प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. मी फडके उचलून बॉनेटवर टेकविले मात्र, तोच आवाज आला, "कोरडं फडकं लावू नकोस. धूळ म्हणजे वाळूच असते. चरे पडतील."

पुस्तकातले पहिले कलम नेमके हेच होते! गाडी सावलीत उभी करावी, पत्रा निवू द्यावा, आधी नुसते पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, धुणे टपापासून खाली करावे, चाकांचे फडके वेगळे ठेवावे, आणि बादल्या दोन घ्याव्यात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला स्वच्छ पाणी. हे सारे आजचे शास्त्र. अण्णांनी ते कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. वाळकेश्वरच्या एका शेठजींची काळी मर्सिडीज त्यांनी सव्वीस वर्षे चालविली आणि रोज पहाटे धुतली. दोन बादल्यांनी.

त्या दिवसापासून आमच्या दर रविवारच्या तासिका सुरू झाल्या. फरक इतकाच, की इथे विद्यार्थी मी. भांड्यांचा साबण मी वापरणार होतो, तो त्यांनी बाजूला करविला. त्याने तेलकटपणाबरोबर मेणाचा थरही निघून जातो. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर जे मेण धरते, तेच या पॉलिशात असते असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "असेल. पातळ लाव. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही." एक गोष्ट मात्र मी त्यांना शिकविली. धुतल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून बोटे फिरवायची. डोळ्यांना जी खर दिसत नाही, ती अशी बोटांना कळते. मग पाण्याचा फवारा मारून एक चिकणमातीसारखा गोळा अलगद फिरवायचा, की रुतलेले कण त्याला चिकटून येतात. अण्णांनी पिशवी घातली, दारावरून बोटे फिरविली आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. "आमच्या वेळी हे नव्हतं," एवढेच म्हणाले.

नवी मुंबईत मोटार ठेवणे म्हणजे एक व्रतच आहे. एका बाजूला खाडीची खारी हवा, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा पट्टा, वर कावळे. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळली, की रंगावर डाग कायमचा बसतो. ती ओल्या फडक्याने भिजवून लगेच उचलावी. पावसाळ्यापूर्वी काचेखालच्या जाळीत साठलेली पाने काढावीत, नाहीतर पाणी तुंबून आत शिरते. बॅटरीच्या टोकांवर पांढरे येते, ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन निघते. मात्र सोडविताना ऋण बाजूची तार आधी काढायची आणि जोडताना शेवटी लावायची. ऑइल पाहायचे ते सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर. हवा भरायची ती टायर थंड असताना. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही. हे शेवटचे सांगताना अण्णांनी मनगटावरचा जुना पांढरा डाग दाखविला. तो डाग मी लहानपणापासून पाहत होतो. तो कशाचा, हे कधी विचारले नव्हते. ब्रेकचे काम मात्र मिस्त्रीकडेच, या बाबतीत गुरुशिष्यांचे एकमत आहे.

मोटारीची दुरुस्ती स्वतः करण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना मी बेर्टा बेन्झची गोष्ट सांगतो. १८८८ सालच्या ऑगस्टात ही बाई नवऱ्याला न सांगता, त्याने बनविलेली तीन चाकांची गाडी आणि दोन मुलगे घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. माहेरीच जायचे होते, पण शंभरावर किलोमीटर! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. तारेचे वेष्टन झिजले, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकला चांभाराकडून चामडे ठोकून घेतले आणि इंधन औषधांच्या दुकानातून विकत घेतले. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच मालक आणि मिस्त्री एक होते. त्यांची फारकत पुढे झाली.

त्या फारकतीत मीही माझा वाटा उचलला आहे. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असे. मी तिथे 'खाजगी नोकरी' असे लिही. शब्दांचा उपयोग सांगण्यासारखाच लपविण्यासाठीही होतो, हे मी एम. ए. होण्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो. त्या प्रत्येक फॉर्मखाली अण्णांची सही आहे. एकदा, मी सातवीत असताना, धो धो पाऊस पडत होता. शेठजींना कुठेसे सोडून अण्णा रिकामी गाडी घेऊन शाळेच्या फाटकाशी थांबले. पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात उघडलेली छत्री. वर्गातली मुले खिडकीशी गोळा झाली. मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि भिजत घरी गेलो. रात्री अण्णांनी माझे डोके पुसले. विचारले काहीच नाही.

गाडी घेतली तेव्हा मी त्यांना मागच्या आसनावर बसवून पामबीच रस्त्याने फिरवून आणायचे योजिले होते. पण ते पुढे येऊन बसले. म्हणाले, "मागं बसायची सवय नाही." त्यानंतर मी आग्रह केला नाही.

यंदा खंडेनवमीला आम्ही दोघांनी मिळून गाडी धुतली. त्यांच्या हाताला कंप सुटला आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी लायसन्स नवे करणे सोडून दिले. तरी खालच्या बाजूची चाके त्यांनीच मागून घेतली. मी झेंडूची माळ बांधली, नारळ फोडला. अण्णांनी हात पुसले आणि चालकाच्या आसनावर जाऊन बसले. किल्ली फिरविली, इंजिनाचा आवाज ऐकला, आरसा सारखा केला.

"मागं बस," ते म्हणाले.

मी बसलो. आरशात त्यांचे डोळे दिसत होते.

"कुठं घ्यायची, साहेब?"

तासभर अखंड बोलण्याचा माझा धंदा. पण मला एकाही गावाचे नाव सुचेना. शेवटी म्हणालो, "शाळेत, अण्णा. फाटकापर्यंत."

ते बराच वेळ समोर पाहत राहिले. मग किल्ली उलटी फिरवून म्हणाले, "शाळा कधीच सुटली बाबा. उतर. मागचं चाक राहिलंय पुसायचं."

मी उतरलो आणि दुसरी बादली भरून आणली.