घरीं परतल्यानंतर

आमचें घर लोणावळ्याचें, आणि माणसें तीन पिढ्यांचीं. गेल्या वैशाखांत माझे धाकटे दीर पुण्याच्या एका व्यसनमुक्ति केंद्रांतून ३५ दिवसांनीं घरीं आले. धाकट्या जाऊबाई त्यापूर्वींच मुलाला घेऊन माहेरीं गेल्या होत्या. सासूबाईंनीं देवापुढें साखर ठेवली, आणि आम्हां सर्वांस वाटलें, संकट टळलें. खरें पाहतां काम तेव्हां कोठें सुरू झालें होतें!

केंद्रांत दिवसाचा प्रत्येक प्रहर बांधलेला असतो, आणि दारू तर दृष्टीसही पडत नाहीं. घरीं मात्र जुनी संध्याकाळ, जुने मित्र, जुनीं भांडणें सारीं जागच्या जागीं असतात. त्यांतून आमचें गांव हें असें! पावसाळा लागला कीं रविवारीं भुशी धरणाकडे माणसांचा पूर लोटतो, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पिशवींत बाटली असते. मेंदूला जडलेली संवय महिन्याभरांत पुसली जात नाहीं; ओळखीची जागा, वेळ किंवा वास लाभतांच ओढ पुन्हां उसळते, असें समुपदेशकांनीं आम्हांला बजावलें होतें. आम्हीं त्याचा अर्थ एवढाच घेतला, कीं पहारा ठेवावयाचा.

मग भावजींच्या हातीं पैसे देणें बंद झालें. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आली. ते बाहेरून आले, कीं पाणी देण्याच्या निमित्तानें मी जवळ जाऊन वास घेत असें. हें लिहितांना आज लाज वाटते.

दर गुरुवारीं ते लोकलनें पुण्यास केंद्राच्या बैठकीला जात. आषाढांतल्या एका गुरुवारीं रात्रीचे दहा वाजले, तरी पत्ता नाहीं. फोनही लागेना. बाहेर पावसाची झोड, आणि ओसरीवर कोणी कोणाशीं बोलेना. शेवटीं ते चिंब भिजून आले. मी तांब्या घेऊन पुढें झालें. त्यांनीं तो घेतला नाहीं, खिशांतलें ओलें तिकीट पायरीवर ठेवलें आणि म्हणाले, "वहिनी, गाडी तळेगांवला अडकली होती. पण एक सांगा, उद्यां खरोखरच माझा तोल जाऊं लागला, तर तें मी या घरांत कोणाला सांगूं?"

मला रात्रभर झोंप आली नाहीं. दारूची वाट अडवितांना आम्हीं तिच्याविषयीं खरें बोलण्याची वाटही बुजविली होती.

दुसऱ्या दिवशीं सासूबाईंस व इकडे विचारून मीं किराणा-भाजीचा महिन्याचा हिशेब भावजींकडे सोंपविला. जेवणांत चोरून कालवावी म्हणून शेजारणीनें दिलेली पुडी मोरींत टाकली. दारू सोडविणारें एखादें औषध पोटांत असतां दारू घेतली, तर जिवावर बेतूं शकतें. असें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें आणि रुग्णाच्या संमतीनेंच द्यावयाचें असतें.

पुढें मीही बैठकीस जाऊं लागलें. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास सुरू केलेल्या मुक्तांगणांत रुग्णांच्या पत्नींसाठीं 'सहचरी' हा निराळा गट आहे, तो याचसाठीं: आजार एकाचा असला, तरी पथ्य साऱ्या घराचें. १९३५ सालीं अमेरिकेंत ॲक्रन गांवीं एका शेअर-दलालानें व एका शल्यवैद्यानें 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना काढली. तिचा पायाही एका व्यसनी माणसानें दुसऱ्यापाशीं मन मोकळें करावें, हाच.

श्रावणांतल्या एका रविवारीं भावजी स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभे राहिले. "वहिनी, आज बाहेर पडलों तर धड परत येईन असें वाटत नाहीं. कांहीं काम द्या." मीं विळी आणि तीन नारळ पुढें केले. ओढ लाटेसारखी असते. चढते, तशी ओसरतेही. तिसरा नारळ खवून होईपर्यंत त्यांचा हात स्थिर झाला होता.

जाऊबाई अजून माहेरींच आहेत, आणि गुरुवारची बैठकही चुकलेली नाहीं. बरें झालें, असें आम्ही आतां म्हणत नाहीं. आजचा दिवस नीट गेला, एवढेंच म्हणतों. कपाटाची किल्ली मात्र खुंटीवर असते.