सुपारीच्या डबीतला फ्यूज

मी पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, आणि आमच्या सौभाग्यवतीने तितकीच वर्षे मला व्यवहार शिकवला. दोन्ही शिकवण्यांचा निकाल काय लागला, हे 2022 च्या सप्टेंबरात स्पितीच्या खोऱ्यात कळले.

भाचा चंदीगडला नोकरीला असतो. त्याने नवी दणकट गाडी घेतली आणि आग्रहाचा फोन केला, "मामा, आता नाही म्हणू नका. मामीलाही घेऊन या." आम्ही उभयता, भाचा आणि भाचेसून अशी चौघे निघालो. सिमला, किन्नौर, नाको, मग 996 साली स्थापन झालेला ताबोचा मठ असे करीत चौथ्या दिवशी काझाला पोचलो. वाटेतल्या त्या उजाड, भुऱ्या-जांभळ्या डोंगरांचे वर्णन मी करीत बसत नाही; ते करणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते पुढच्या रस्त्याचे, आणि त्या रस्त्यापायी आम्ही केलेल्या एका शहाणपणाचे.

काझाहून मनालीला जायचे तर लोसर गाठायचे, मग साडेचार हजार मीटरांहून उंच असलेला कुंझुम घाट चढायचा आणि पलीकडे बातलला उतरायचे. तिथून चंद्रा नदीच्या काठाकाठाने छतडूवरून ग्राम्फूपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर. याला रस्ता म्हणायचे ते केवळ त्यावरून गाड्या जातात म्हणून! आम्ही गेलो तेव्हा तो म्हणजे दगडगोट्यांचा पसारा होता आणि मधून मधून हिमनद्यांचे ओढे थेट त्यावरून वाहत होते. ऊन चढले की बर्फ वितळते आणि ओढ्यांचे पाणी वाढते. म्हणून पहाटे निघावे, असा तिकडचा दंडक आहे.

काझाच्या मुक्कामात भाच्याने विषय काढला. त्याच्या एका मित्राने सांगितले होते की, या वाटेवर जाण्यापूर्वी एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवावा. गाडीचे पोट एखाद्या दगडावर आपटले, की पिशव्या फटाफट उघडतात. मग समोरची काच तडकते, खर्च लाखाच्या घरात जातो आणि कित्येक गाड्यांत इंधनाचा पुरवठाही आपोआप बंद पडतो. बातलच्या पुढे फोन लागत नाही. रात्री पाणी गोठेल अशी थंडी. "मामीला घेऊन तिथे अडकलो तर?" भाचा म्हणाला.

हा 'तर' मोठा होता. शिवाय हिला मागे बसले की गाडी लागते, म्हणून ती पुढे बसत असे. जी पिशवी निकामी करायची, ती हिच्याच समोरची होती.

मी गाडीबरोबर मिळालेले पुस्तक मागून घेतले. कंदिलाइतपत उजेड देणाऱ्या दिव्याखाली ते चाळताना मला हवे ते वाक्य सापडले. गाडी खोल खड्ड्यात पडली, जोरात आदळली किंवा खालून जबर मार बसला, तर पिशव्या उघडू शकतात, असे कंपनीनेच छापले होते. झाले! मी पुस्तक मिटले आणि मास्तरी थाटात निर्णय दिला, "काढू या." विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलो, की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. मी स्वतः पान उलटले नाही.

दुसऱ्या दिवशी लोसरला चहा झाल्यावर भाच्याने गाडी बंद केली, बॅटरीची तार सोडवली, थोडा वेळ थांबला (त्या यंत्रात थोडी वीज साठून राहते, एवढे त्याला ठाऊक होते) आणि नखाएवढा फ्यूज उपटून माझ्या हातावर ठेवला. हरवू नये म्हणून हिने तो आपल्या सुपारीच्या डबीत टाकला. गाडी सुरू केली तेव्हा चालकासमोर एक तांबडा दिवा लागला, तो लागूनच राहिला. दहा मिनिटांत आमची त्याच्याकडे बघायची सवय सुटली.

कुंझुमच्या माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. येणारी प्रत्येक गाडी त्याला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जाते. आम्हीही घातली. पताका फडफडत होत्या, समोर हिमशिखरे लखलखत होती आणि विरळ हवेने माझे डोके ठणकत होते. हिने हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत.

बातलच्या उतरणीवर भाच्याची बसण्याची तऱ्हा माझ्या लक्षात आली. दगड दिसावेत म्हणून तो पुढे वाकून, हनुवटी जवळजवळ चाकाला टेकवून गाडी हाकीत होता. छाती आणि चाक यांत निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर असावे असे तज्ज्ञ सांगतात. कारण ही पिशवी काही उशीसारखी हळुवार येत नाही. सेकंदाच्या विसाव्या भागात, पापणी लवायच्या आत, ती स्फोटाने फुगते. वाकून बसलेल्याच्या तोंडावर ती आली तर वाचवण्याआधी इजाच करील. म्हणजे आडवाटेवर पिशवीची भीती आहे ती खरी अशी. पण तिच्यावर उपाय मागे सरकून बसणे हा आहे, फ्यूज काढणे हा नव्हे. हे मला तेव्हा सुचले असते तर!

बातलला ढाब्यावर राजमा-भात खाताना कुलूकडचा एक टेम्पोवाला भेटला. या वाटेवर त्याची कैक वर्षे गेली होती. भाच्याने त्याला विचारले, की दगडांवर आपटून पिशवी उघडलेली गाडी कधी पाहिली का? तो आधी हसला, मग गंभीर झाला. "हमारी गाडी में तो है ही नहीं, साब. आपके पास थी, और आपने निकाल दी?" आम्ही राजम्याकडे लक्ष दिले.

पुढे एका ओढ्यातून वर चढताना गाडीच्या पोटाखाली धाडकन दगड लागला. भाचेसून किंचाळली. भाचा विजयी मुद्रेने मला म्हणाला, "बघा मामा! फ्यूज असता तर?" त्या वेळी मी मान डोलावली. पण आता सांगतो, फ्यूज असता तरी जवळजवळ नक्कीच काही झाले नसते. पिशवीला हुकूम देणारे यंत्र नुसता धक्का मोजत नाही. गाडीचा वेग किती आणि किती झपाट्याने घटतो, ते पाहते. भिंतीवर ताशी पंधरा-वीस किलोमीटरने धडकावे इतका तो आघात साधारणपणे लागतो. आम्ही चाललो होतो ताशी आठ-दहाने. दगडाचा आवाज मोठा, पण गाडीचा वेग फारसा घटलेलाच नाही. खालच्या लोखंडी पत्र्याने मार खाल्ला आणि प्रकरण मिटले. हे गणित नववीतल्या मुलालाही सुटले असते.

ग्राम्फूला पोचलो आणि चाकांखाली डांबर आले. चौघांनी एकदम सुस्कारा सोडला. भाचेसुनेने गाणी लावली, भाचा आरामात मागे रेलला आणि काटा आठावरून साठावर गेला. कोकसर मागे पडले. सिस्सूच्या अलीकडे एका वळणावर समोरच्या लांबलचक ट्रकमागून दुसरा एक ट्रक सरळ आमच्या बाजूला आला.

भाच्याने ब्रेक दाबला, गाडी डावीकडे काढली. ट्रक हातभर अंतरावरून हॉर्न देत निघून गेला. सारे दोन-तीन सेकंदांचे. माझ्या खांद्यात पट्टा रुतला होता आणि माझा उजवा हात मागच्या जागेवरून पुढे, हिच्या खांद्यापुढे आडवा गेलेला होता. तो कधी गेला ते मला कळले नाही. कोणी बोलले नाही. गाणी तेवढी चालू होती. ती भाचेसुनेने बंद केली.

तसेच पुढे जाऊन आम्ही अटल बोगद्यात शिरलो. 2020 च्या ऑक्टोबरात खुला झालेला हा बोगदा नऊ किलोमीटरांहून किंचित लांब आहे, आणि आत वाटेल तिथे थांबता येत नाही. बाहेरचे ऊन मागे राहिले, आणि इतका वेळ फिका दिसणारा तो तांबडा दिवा एकदम डोळ्यांत भरला.

"अहो, तो दिवा अजून जळतोय," ही म्हणाली. मग तिने मांडीवरची पिशवी चाचपली आणि डबी घट्ट हातात धरली.

ते नऊ किलोमीटर मी विसरणार नाही. खड्ड्यांतून ताशी आठने चाललो तेव्हा ज्या पिशवीची गरज लागण्याचा संभव कमी, ती आम्ही भीतीने काढली. गुळगुळीत रस्त्यावर साठाने धावत होतो, समोरून गाड्या येत होत्या, आणि ती पिशवी डबीत सुपारीच्या तुकड्यांत पडली होती. भाच्याचे ओठ पांढरे पडले होते.

त्या रात्री मनालीला मी पुस्तकाचे पुढचे पान वाचले. त्यात लिहिले होते, की एअरबॅगच्या यंत्रणेतच पट्टा क्षणात आवळणारी कळ जोडलेली असते. म्हणजे आम्ही फ्यूज काढला तेव्हा पट्ट्याचेही अर्धे बळ काढून घेतले होते. एक पट्टा आहे ना, या भरवशावर मी होतो. तोही पुरता भरवसा नव्हता.

पुढे पुण्याला आल्यावर या विषयाचे हाती लागेल ते वाचले. अमेरिकेत टोयोटाच्या फोर रनर, एफजे क्रूझर अशा डोंगरी गाड्यांत कंपनीनेच एक बटण दिलेले होते. पण ते फक्त गाडी कुशीवर फार कलली असता बाजूचे पडदे उगीच उघडू नयेत एवढ्यापुरते. समोरच्या पिशव्या त्याने बंद होत नाहीत. पुढच्या आसनावर तान्ह्या मुलाची मागे तोंड केलेली खुर्ची ठेवायची असेल, तर तिथली पिशवी बंद करण्याची किल्ली काही गाड्यांत असते, आणि ते योग्यच आहे. आडवाटेसाठी फ्यूज उपटा, असे मात्र गाडी बनवणाऱ्या कोणीही सांगितलेले मला आढळले नाही. मला कोणी विचारले तर मी सांगतो, फ्यूजला हात लावू नका, पट्टे लावा, मागे सरकून बसा आणि गाडी इतकी सावकाश न्या की शेजारून चालणारा पुढे जावा.

याच वाचनात जॉन हेट्रिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाची हकीकत सापडली. 1952 साली बायको आणि लहान मुलीला घेऊन तो गाडीतून जात असताना समोर दगड आला आणि गाडी खड्ड्यात गेली. ब्रेक दाबताच नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीपुढे आडवे गेले. घरी परतल्यावर तो कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि 1953 साली त्याने फुगणाऱ्या पिशवीचे पेटंट मिळवले. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले आणि स्वयंपाकघरात हिच्याशी काहीतरी निमित्त काढून बोलत बसलो.

मनालीचे सांगायचे राहिले. सकाळी आम्ही गाडी घेऊन एका कारखान्यात गेलो. मिस्त्रीने फ्यूज हातात घेतला, हुंगला आणि आमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. त्याला सुपारीचा वास येत होता. त्याने तो पुसून जागेवर बसवला, आपले यंत्र जोडून काय ते तपासले आणि किल्ली फिरवली. तांबडा दिवा लागला. ही पुढच्या आसनावरून वाकून बघत होती. काही सेकंदांनी दिवा विझला, तेव्हा ती मागे टेकली, पट्टा लावला आणि डबी उघडून मिस्त्रीसकट सगळ्यांना सुपारी वाटली.