हाताची हयगय

पुणे, गुरुवार

चि. सौ. कुमुद हीस,

तुझे पत्र काल दुपारी पोचले. मजकूर तुझा आणि अक्षर तुझ्या मुलीचे, हे पाहताच काळजात चर्र झाले. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला पाच आठवडे उलटले, टाके सुकले, नळी निघाली, डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले, आणि तरीही ‘उजवा हात अगदी जपून ठेवला आहे, सासूबाई पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत’ असे तू मोठ्या कृतार्थतेने लिहवितेस! तू विचारलेस एवढेच, की डिंकाचे लाडू चालतील का. डॉक्टरांनी मना केले नसेल तर खुशाल खा. पण हात जपून ठेवलास तो कोणासाठी, पोरी?

तुझ्या भीतीचे मूळ मी जाणते. माझ्या ताईचा तो हात तू फ्रॉकच्या वयात पाहिलास. दंडापासून बोटांपर्यंत सुजलेला, उशीवर ठेवलेला, आणि ज्या दिवशी कासाराला बोलावून तिच्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या त्या दिवशी तू माजघराच्या दाराआड उभी होतीस. रोगाचे नाव घरात कोणी उच्चारीत नसे. त्यामुळे तुझ्या बालमनाने दोष हाताच्या हालचालीवर लादला असेल तर त्यात नवल नाही. परंतु ताईवर झाली ती शस्त्रक्रिया निराळी होती. बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड नामक शल्यविशारदाने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या त्या पद्धतीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सारे एकत्रच काढून टाकीत. जितके अधिक कापावे तितका रोग निर्मूळ होईल, हा सिद्धान्त जगभरच्या शल्यचिकित्सकांनी पाऊणशे वर्षे शिरोधार्य मानला आणि ताईसारख्या असंख्य स्त्रियांनी त्याची किंमत आपल्या खांद्यांनी चुकती केली. पुढे पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी आणि मिलानच्या वेरोनेसी यांनी, बड्याबड्यांचा रोष पत्करून, स्त्रियांचे गट करून वर्षानुवर्षे तुलना केली; त्या दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली बरोबरच प्रसिद्ध झाले, आणि त्यांवरून हे निर्विवाद ठरले, की लवकर सापडलेल्या रोगात नुसती गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया, सारे कापून घेतलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात. कमी कापायला शिकण्यासाठी वैद्यकशास्त्राला एक शतक लागले. तुझे स्नायू आज जाग्यावर आहेत ते त्या शतकाच्या परिश्रमामुळे. आणि ते तू गादीवर निजवून ठेवले आहेस!

काखेतील ग्रंथी काढल्या की हातातून परतणाऱ्या रसाचा मार्ग अरुंद होतो, हे खरे. पाट तुंबला की पाणी वाफ्यातच साचून राहते, तसे ते साचू शकते. पण तो रस पुढे ढकलण्याचे काम हृदय करीत नाही, त्यात स्नायूंच्या आकुंचनाचा मोठा वाटा असतो. हात निश्चल ठेवलास तर ढकलणार कोण? शिवाय न हललेला खांदा आखडतो, व्रणाची कातडी आवळते, आणि अशा शस्त्रक्रियेनंतर कधीकधी काखेत ताठ दोरीसारख्या शिरा हाताला लागतात. त्या लागत असतील तर घाबरू नकोस, मात्र डॉक्टरांना अवश्य दाखव. पेन्सिल्व्हेनियातील संशोधकांनी तर हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवीत वजने उचलायला लावली; २००९ साली निष्कर्ष आला तो असा, की त्यांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. आणि तुला पेलासुद्धा वर्ज्य!

आमच्या शेजारच्या वकिलीणबाई तुला आठवतात ना? त्यांची शस्त्रक्रिया परळच्या टाटा रुग्णालयात झाली, आणि घरी आल्यावर त्या स्वयंपाकघराच्या चौकटीसमोर उभ्या राहून बोटांनी लाकूड चढत; जिथे बोटे थांबत तिथे नातवाकडून पेन्सिलीची रेघ मारून घेत. पहिली रेघ कोपराच्या उंचीला होती. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेले मी पाहिले, आणि तरीही संध्याकाळी त्या पुन्हा त्या चौकटीपाशी गेल्याच. पुढे वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी त्यांनी स्वतः काढली. त्यांच्या सूनबाईंनी मदतीला धावण्याचा मोह आवरला, हे मला त्या बरणीहूनही थोर वाटते.

कारण आपल्या घरांतून आजाऱ्यावर प्रेम करायचे म्हणजे त्याच्या हातून सगळे काढून घ्यायचे, असा समज रूढ झाला आहे. आधी त्याच्यापासून रोगाचे नाव लपवायचे, मग तपासणीचे कागद दडवायचे, मग किल्ल्या, मग पोळपाट-लाटणे, आणि अखेर त्याच्यावतीने पत्रेही लिहायची! सासूबाईंच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांनी रात्ररात्र जागून तुझी शुश्रूषा केली, हे मी विसरणार नाही. परंतु या मायेचा अंमल आता आटोपता घ्यायला हवा, आणि ती तजवीज तुलाच करावी लागेल.

मला खरी चिंता आहे ती किरणोपचाराची. त्या यंत्राखाली निजताना हात डोक्याच्या वर नेऊन तसाच स्थिर ठेवावा लागतो. खांदा आखडला असेल तर आधी तो मोकळा करावा लागेल, आणि त्यात जे दिवस जातील ते या रोगात दवडण्यासारखे नाहीत. तारीख पुढच्या महिन्यातली, असे तू ओझरते लिहवितेस, आणि लाडवांवर पानभर! आज हात कुठवर जातो? कानापर्यंत तरी जातो का? केस विंचरतेस की तेही मुलगीच करते? हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. त्या हाताला जखम, भाजणे, कापणे होऊ देऊ नकोस. आणि व्यायाम शिकविणाऱ्या बाईंची भेट तुमच्या रुग्णालयातच मिळते. शल्यचिकित्सकांना विचारून सोमवारच्या आत ती ठरवून घे. तुला तिकडे न्यायला तुझ्या यशवंतरावांना रजा मिळत नसेल तर तसे स्पष्ट कळव, मी रविवारी रात्रीच्या गाडीने निघते. माझ्या गुडघ्यांची सबब तू मला सांगू नकोस. सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखविलेस तरी माझी हरकत नाही.

तुझी,
मावशी