ताईचं ‘बायरॉस’

मिरजेत कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी पुस्तकांची नावं नसायची, लेखकांचीच असायची. ‘बायरॉस आहे का रे?’ एवढं विचारलं की समोरच्याला कळायचं. आयव्हन बायरॉस यांचं, बीपीबी प्रकाशनाचं ते जाडजूड पुस्तक. एचटीएमएल, डीएचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पर्ल सीजीआय असं सगळं नावातच भरलेलं. ते पूर्ण नाव एका दमात म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. माझ्याकडे ते आलं शेजारच्या ताईकडून. तिचं बीसीएस झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत जाण्याआधी तिने त्यातलं एक पुस्तक ओढून माझ्या हातात ठेवलं. मी तेव्हा बीकॉमला होतो. संध्याकाळी एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका लावायचो. ‘टायपिंग येतंय ना? मग हेही येईल,’ ताई म्हणाली आणि दोन दिवसांनी पुण्याला गेलीसुद्धा.

ही 2005च्या आसपासची गोष्ट. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमकडून. दहा वर्षं उलटली तरी आमच्या दुकानात काही ते पोचलं नव्हतं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून शिकायचं म्हणजे निम्मं लक्ष घड्याळाकडे. वेबचं पान बनवायला इंटरनेट लागतच नाही, हे मला पुस्तकाने सांगितलं. नोटपॅडमध्ये चार टॅग लिहायचे, फाइल साठवायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचं. इंटरनेट एक्सप्लोरर ती हार्ड डिस्कवरूनच उघडायचा. त्या परिच्छेदाशेजारी ताईच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘सेव्ह करताना ऑल फाइल्स निवड, नाहीतर मागे टीएक्सटी चिकटतं.’ तेवढ्या एका ओळीने माझे किती दिवस वाचले असतील!

पुस्तकभर अशा खुणा होत्या. फ्रेमच्या प्रकरणावर ‘परीक्षेपुरतं’. पर्लवर ‘राहू दे’. फॉर्मच्या प्रकरणावर मात्र दोन रेघा मारून ‘हे हाताने कर’. त्या काळातल्या अशा पुस्तकांना काहीही वगळायचं नसायचं. अभ्यासक्रमात आहे म्हणून एकेका टॅगचे सगळे गुणधर्म तक्त्यात, महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे एकाच सुरात. नवशिक्याला माहिती कमी पडते असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती फार होते, आणि आज काय शिकायचं नाही हे सांगणारं कोणीतरी लागतं. मला ते काम ताईच्या पेन्सिलीने करून दिलं.

पुढे छापील पुस्तकातच ती पेन्सिल भेटली. 2005च्या अखेरीस एलिझाबेथ आणि एरिक फ्रीमन यांचं ‘हेड फर्स्ट एचटीएमएल विथ सीएसएस अँड एक्सएचटीएमएल’ आलं. मूळ प्रकाशक ओरायली. श्रॉफ पब्लिशर्सने काढलेली त्याची भारतीय आवृत्ती मला पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळाली. पहिल्या प्रकरणात एका कॉफीच्या दुकानाचं पान, पुढे सेगवेवरून अमेरिका पालथी घालणाऱ्या टोनीची रोजनिशी. सेगवे म्हणजे नेमकं काय, हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. पण त्याच्या गावांच्या यादीवरून क्रमवार यादीचा टॅग कळला तो कायमचा. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी पुस्तक वाचताना धाप लागते. इथे चित्रं होती, पात्रांचे संवाद होते, आणि ‘हे आत्ता नको, पुढे बघू’ असं लेखक स्वतःच म्हणत होते. मजकूर एकीकडे आणि सजावट सीएसएसमध्ये दुसरीकडे का ठेवायची, हे मला तिथेच उमगलं. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचं माझं पहिलं पैशाचं काम झालं ते या दोन पुस्तकांच्या बळावर: दरांचा एक तक्ता आणि चौकशीचा एक फॉर्म. तो फॉर्म, अर्थात, दोन रेघांच्या प्रकरणातला.

अशी पुस्तकं लवकर शिळी होतात, हा आक्षेप खराच आहे. फॉन्टचा टॅग आणि फ्रेम यांना 2014मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल5मध्ये जागा उरली नाही. पीएचपीच्या जुन्या पुस्तकांतली ‘मायएसक्यूएल’ने सुरू होणारी फंक्शनं पीएचपी 7मधून, म्हणजे 2015मध्ये, काढूनच टाकली. फॉर्ममधला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत जोडायची उदाहरणं तर आज धोक्याची; कोणी खोडसाळ मजकूर भरून सगळा डेटाबेस पळवू शकतो. पण ब्राउझर मागतो आणि सर्व्हर देतो, गेटची माहिती पत्त्यात दिसते आणि पोस्टची दिसत नाही, दुवा म्हणजे नुसता एक पत्ता, हे तेव्हा जसं होतं तसंच आजही आहे. शिवाय पुस्तक संपतं. व्हिडिओंची रांग कधी संपत नाही, त्यामुळे आपण कुठवर आलो हे पोराला कळतच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत हे मी नेहमी पाहतो.

मध्यंतरी ताईला फोनवर म्हटलं, ‘तुझं बायरॉस अजून आहे माझ्याकडे.’ ती हसून म्हणाली, ‘फेक की ते आता!’ फेकलेलं नाही. पण नव्या मुलाला मी ते देत नाही. त्याला देतो ‘हेड फर्स्ट’ची 2012ची दुसरी आवृत्ती, आणि मांडणीच्या प्रकरणावर पेन्सिलीने लिहून ठेवतो: ‘फ्लोट ओळखण्यापुरतं वाच, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड एमडीएनवर शीक.’ ग्रिड ब्राउझरांत आलं 2017मध्ये, ते त्या पुस्तकात कुठून असणार? तुमच्याकडे असं एखादं पुस्तक पडून असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी त्यातलं काय गाळायचं ते समासात लिहा, आणि मग ते शेजारच्या पोराला द्या.